झुरळांचे सर

झुरळावर आमच्या सरांइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. मी त्यांची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेतलं सामान यादीबरहुकूम लावणारी मी, आणि ते भलतीकडं नेऊन ठेवणारे सर. चिमटा हरवला की आधी त्यांचा खिसा तपासायचा. पाळलेली झुरळं संपली की स्वारी मला घेऊन औरंगपुऱ्यात. एका खानावळीच्या गल्ल्यावर त्यांनी आदबीनं विचारलं, "मालक, झुरळं असतील का?" मालकाचा चेहरा उतरला. "साब, कलच दवा मारी हमने!" "अरेरे," सर कळवळले, "बिचारी!" आम्ही पायऱ्या उतरलो तरी मालक चहा घ्या म्हणून मागं लागला होता.

झुरळाची लाळग्रंथी सर अलगद काढून बशीत ठेवत. तिच्या नसेला विजेचा हलका झटका दिला की पेशी लाळ सोडायला लागायची आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ खाली उतरायची. मग गाबा नावाच्या रसायनाचा थेंब. तेवढ्याच झटक्याला रेघ आणखी खोल. "नुसता गाबा टाक, पेशी ढिम्म," सर खुलून सांगत. "हुकूम नसेचाच. हा नुसता सोबतीला बसतो, आन् हुकमाला जोर येतो!"

घरी सोबतीला सरांची बायको, आमच्या काकू असत. ताट वाढलं तरी सर आपल्याच तंद्रीत. "किड्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसतं, इथं भाकर वाळायलीय ते दिसत नाय व्हय?" असं काकू कडाडल्या की सर एक भाकरी जास्तच खात.

गेल्या वर्षी काकू गेल्या आणि सरांची भूकही गेली. शर्ट अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. मी वार ठरवून डबे पोचवायला लागले: पिठलं, शेंगाभाजी, येसराची आमटी. डबे जसेच्या तसे परत.

परवा मात्र मी डबा ठेवून निघाले नाही. शेजारी बसून माझंही ताट वाढून घेतलं आणि आवाज चढवला, "सर, आमटी गार व्हायलीय, दिसत नाय व्हय?"

सर दचकले. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मग भाकरी मोडली. अर्धी संपवून थांबले.

"रेघ हलली गं," म्हणाले, "पण खोल नाय गेली."

मी उरलेली अर्धी त्यांच्याकडं सरकवली आणि पुन्हा रागावले.