ट्रॉलीवाल्याची हिरवी मोटार

ती हिरवी मोटार अजून माझ्या डोळ्यापुढनं हालत न्हाय. नोकरीत खून बघितले, हायवेवरचे अपघात बघितले, त्यातलं लई काही विसरले. ही मोटार तेवढी राहिली. कुणाचं नाव सांगणार न्हाय. माणसं अजून हायेत.

माझी शाळा सातवीपर्यंत. मालक पोलिसात व्हते, ड्युटीवर असतानाच गेले. लेकरं बारकी. खात्यानं त्यांच्या जागी मला घेतलं. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून घरी आले. मधलं काय सांगायचं. रडायला सवड नव्हती, एवढंच.

तवा मी उमरग्याकडच्या एका ठाण्यात व्हते. सकाळची हजेरी चालली असताना फोन वाजला. म्या उचलला. माणूस नाव सांगंना.

"हायवेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा हाय न्हवं, त्याच्याकडं जुन्या काळातली मोटार हाय. कागद खोटे हायेत. मोटार त्यानं शेडातच बनवलीया."

"तुमाला काय तरास त्याचा?"

"भावाच्या वरातीला मागितली, तर न्हाय म्हणला. लई माजलाय."

रागानं दिलेली खबर बऱ्याचदा खरी निघती. साहेबांनी गाडी काढली.

शेडात ट्रॉल्यांच्या मागं ताडपत्री व्हती, तिच्याखाली मोटार. लांब नाक, गोल दिवे, वर टप न्हाय. राजेलोकांच्या फोटोत असती तसली. कागदावर लिहिलेलं, मोटार पन्नास वर्षांच्या वरची, हौसेनं जपलेली. विमा बी तसाच उतरवलेला. आता कायदा असा हाय, की अस्सल जुनी मोटार असंल तर तिला येगळा नंबर मिळतो. नक्कल करून बनवली असंल तर न्हाय मिळत, आन नंबराबिगर विमा उतरत न्हाय.

ट्रॉलीवाल्याला ठाण्यात आणलं. साठीचा माणूस, दोन्ही हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग.

"कुठनं आणली?"

"हैदराबादकडनं, साहेब. जुनीच हाय."

"कुणाकडनं?"

"त्यो माणूस मेला, साहेब."

साहेबांनी दरडावलं, चहा पाजला, परत दरडावलं. गडी एकच बोल बोलायचा. सांगाड्यावरची नंबराची पट्टी खरंच जुन्या मोटारीची व्हती, कुठल्यातरी भंगारातनं काढून बसवलेली. आरटीओचा माणूस तपासून म्हणला, "नक्कलच वाटती. पण वाटतीवर कोर्ट चालत न्हाय."

राहिली त्याची बायको. बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन, बाईपोलिसानंच घ्यायचा असतो. म्हणून मला धाडलं.

घर शेडाच्या मागंच. भिंतीवर जवान पोराचा फोटो, त्याला हार. मालकीणबाई माझ्याच वयाची. "बसा अक्का," म्हणून पाणी दिलं. म्या आधीच सांगितलं, कागदाची चौकशी हाय.

"मोटार पोरानं सुरू केलती," ती म्हणली. "मोबाईलवर बघून बघून पत्रा ठोकायचा. म्हणायचा, आये, पयली तुळजापूरला नेऊ, देवीच्या दारी. मग तुला गावभर फिरवतो. मी म्हणायची, आरं मुडद्या, ह्या वयात मला नवरी करतो का?" जराशी हसली. "मग हायवेवर एका जीपनं त्याला उडवलं. मोटार अर्धीच व्हती. बापानं पुरी केली. आता तुळजापूर तेवढं राहिलंय."

मग एकदम उठली. "तुमाला चोरीची वाटती व्हय? चला, दावते."

मला शेडात नेलं, मोटारीजवळ बसवलं आन खाली बघा म्हणली. ट्रॉलीवाल्यांची रीत हाय, हुकाखाली वेल्डिंगनं नाव काढायचं. ट्रॉली चोरीला गेली तर ओळखू यावी म्हणून. मोटारीच्या खाली ट्रॉलीचंच लोखंडी चॅनल वापरलेलं. जिथं दोन लोखंडं जोडली, त्या सांध्यावरनंच, हिरव्या रंगाखाली, पोराचं नाव वेल्डिंगनं काढलेलं.

"त्याच्या हातचं हाय. आता सांगा, चोरीची कशी?"

तिचं तोंड उजळलं व्हतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या सांध्यावर त्या पोराचं नाव कुठनं येणार? जबाब लिहिला, वाचून दाखवला. पंच बोलावले, पंचनामा झाला, फोटो निघाले.

ठाण्यात येऊन ट्रॉलीवाल्याला नावाचं सांगितलं.

"तिनं दावलं?"

"व्हय."

मग म्हणला, "कागद करून देणारा एजंट सांगत व्हता, ते नाव आधी ग्राइंडरनं घासून काढ. दोनदा मशीन हातात घेतली. हात पुढं जाईना."

मग समदं बोलला. भंगारातली पट्टी, जुन्या मोटारीचे कागद, समदं एजंटानं आणून दिलं व्हतं.

साहेब म्हणले, "अरे, तुळजापूरला एक दिवस न्यायची व्हती, तर तशीच न्यायची. कोण बघतंय?"

"साहेब, माझ्या पोराला उडवलं त्या जीपला विमा नव्हता. तसली बिनविम्याची मोटार म्या रस्त्यावर कशी काढू? दुसऱ्याचं लेकरू आलं खाली तर?"

साहेबांना बी पोरगा व्हता.

मी त्याला कोठडीकडं न्यायला लागले, तसा हळूच म्हणला, "ताई, तिच्या दावण्यानं म्या सापडलो हे तिला सांगू नका. एजंटानं सांगितलं म्हणा."

एजंट धरला. नंबर रद्द झाला, विमा रद्द झाला. ट्रॉलीवाला जामिनावर सुटला. मोटार मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात लागली, पकडलेल्या वाळूच्या ट्रकांच्या बाजूला.

एवढ्या नोकरीत मला एक कळलं. आपण जे विचारतो त्याचं उत्तर माणूस देत न्हाय. त्याला ज्याचं भ्या असतं, त्याचं देतो. म्या कागदाचं विचारलं. त्या बाईला पोलीस म्हणलं की चोरी, एवढंच ठाव. पोराच्या नावाला डाग नको, म्हणून तिनं पोराचंच नाव दावलं. तपास करणाराला ह्याचा फायदा व्हतो. मला बी झाला. साहेबांनी माझं कौतुक केलं, ते मला गोड लागलं न्हाय.

बाजारच्या दिवशी ती ठाण्यात यायची. पदरानं मोटारीची धूळ पुसायची. पहाऱ्यावरचं कुणी हटकत नव्हतं.

"कवा सोडतील हो, अक्का? नवरात्राच्या आत सोडतील का?"

"कोर्ट सांगंल."

सुटली तरी ती रस्त्यावर चालवायची परवानगी कवाच मिळणार नव्हती. मला ठाव व्हतं. मी तिला सांगायला तोंड उघडायची, आन काहीतरी दुसरंच बोलायची.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसांत ती आली, तवा गोल दिव्याची काच पुसत म्हणली, "एक बरं झालं बघा अक्का, तुमाला त्या दिशी नाव दावलं. न्हायतर माझ्या मेलेल्या पोराला तुमी चोर ठरवलं असतं."

"व्हय," म्या म्हणलं. "बरं केलंत दावलं ते."