लंगडा डॅश

सगळ्यात आधी सांगून टाकतो — भूत, प्रेत, बाहेरचं वगैरे यातलं मला काहीही पटत नाही. नांदुऱ्यात तीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं आहे. "कारण सापडत नाही असा बिघाड नसतो, शोधणारा आळशी असतो," हे प्रत्येक गिऱ्हाईकाला तोंडावर ऐकवणारा माणूस मी. या ग्रुपवरचे अनुभव वाचून कैकदा हसलोही आहे. आज स्वतःचा लिहायला बसलो आहे तो तुम्हाला घाबरवायला नाही. लाज वाटते म्हणून लिहितो आहे…

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. नांदुऱ्याला तारमास्तर होते, त्यांना सगळे नुसतं मास्तर म्हणत. त्यांना हॅम रेडिओचा नाद होता. सरकारी परवाना काढायचा, घरीच वायरलेस सेट बांधायचा आणि दूरच्या हौशी माणसांशी बोलायचं. बोलायचं म्हणजे तोंडाने नाही, मोर्सने. छोटा ठोका डॉट, लांब ठोका डॅश. मास्तरांनी मला वर्षभर रोज संध्याकाळी बशीवर चमचा वाजवून मोर्स शिकवलं आणि माझाही परवाना झाला.

एक गोष्ट इथे समजून घ्या. मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा 'हात' वेगळा असतो. अक्षर तेच, पण ठोक्याची ढब वेगळी. जाणकाराला दोन शब्दांत कळतं, पलीकडे कोण आहे ते. मी डावखुरा. माझ्या अक्षरातला शेवटचा डॅश जरा झटका खाऊन आखूड पडायचा. मास्तर हसायचे, "तुहा शेवटचा डॅश लंगडा हाय बे. हजारात वळखू येते."

रिटायर होऊन मास्तर सुलतानपूरला गेले. मेहकरच्या पुढे, लोणारच्या वाटेवर. मुलगी सुमनताई तिथेच दिलेली, तिच्याकडे राहायचे. जावयाचा भाजीपाल्याचा मळा. जाताना आमचं ठरलं — रोज सकाळी साडेसहा वाजता, चाळीस मीटर बँडवर, डायलच्या एकाच ठरलेल्या जागी. पहिली दोन वर्षं आम्ही एक दिवस चुकवला नाही. मेथी किती निघाली, कोणाच्या दुकानात काय बिघडलं, असलंच बोलणं. पण त्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

मग मला भंगारात एक टेलिप्रिंटर मिळाला.

मशीन कसलं, लोखंडी म्हैसच होती. महिनाभर खपून ते मी रिसीव्हरला जोडलं. पाठवायची परवानगी नव्हती, नुसतं घेता येत होतं. पण हवेतून आलेली अक्षरं कागदावर आपोआप ठकठक छापून यायची! कान द्यायला नको, लिहून घ्यायला नको. मी हवेतच होतो. मास्तरांना मोर्सवर कळवलं, आता तुमची ठोके द्यायची चावी विसरा, जमाना मशीनचा आहे. त्यांचं उत्तर आलं, "मशीनले हात नसते बे. कोन बोलून राह्यलं, समजते कसं?"

मी म्हणालो, "मास्तर, त्यात समजायचं काय? नाव छापून येतं."

हवामान सांगून त्यांनी बंद केलं.

टेलिप्रिंटरला जास्त व्होल्टेजचा सप्लाय लागत होता. मी सरळ माझ्या ट्रान्समीटरचा सप्लाय काढून त्याला लावला. म्हणजे आता मी ऐकू शकत होतो, पण उत्तर देऊ शकत नव्हतो. हे मास्तरांना एका कार्डाने कळवता आलं असतं. नाही कळवलं. उद्या लिहू, परवा लिहू… खरं सांगू का, मला त्या रोजच्या मेथीच्या गप्पांचा कंटाळा आला होता. साडेसहालाच एक परदेशी टेलिप्रिंटर स्टेशन छान लागायचं.

तीन आठवडे असं चाललं. मी सेट लावायचो, आमच्या जागेवर मास्तरांचा कॉल यायचा. माझं नाव तीनदा, त्यांचं एकदा. मग थांबायचे. मग पुन्हा. मी तेवढं ऐकायचो आणि नॉब फिरवून टेलिप्रिंटरच्या स्टेशनवर जायचो.

त्या गुरुवारीही ऐकलं. पण त्या दिवशी हात निराळा होता. डॉट थरथरत होते, दोन अक्षरांमध्ये दम घेतल्यासारखं अंतर पडत होतं. मास्तरांना बरं नाही हे मला कळलं होतं. कळलं होतं, आणि तरी मी नॉब फिरवला. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त छळतं ते हेच.

शनिवारी संध्याकाळी टेलिप्रिंटरच्या सप्लायचा ट्रान्सफॉर्मर जळाला. तसला दुसरा जिल्ह्यात फक्त मास्तरांकडे होता. झालं, मास्तरांची आठवण झाली! रविवारी पहाटेच निघालो. खामगावला गाडी बदलली, मेहकरला बदलली. तीन आठवडे गप्प का होतो याची एक छान थाप रस्ताभर जुळवत बसलो.

सुलतानपूरला पोचलो तर घराच्या ओसरीवर पाच-सहा माणसं बसलेली. सुमनताई बाहेर आली. डोळे सुजलेले. मला बघून म्हणाली, "या दादा. तुमचीच वाट पाहून राह्यलो. बाबा सांगूनच गेले, रईवारी येईन तो."

"सांगून गेले? कुठे गेले?"

"तुमाले मालूम नाई? कसं मालूम असन म्हना… शुक्रवारी दुपारी गेले बाबा. तार करनार होतो तुमाले. पन जायच्या आधी बाबाच म्हनले, तार कायले करता, तो रईवारी येऊनच राह्यला."

मी ओसरीच्या कडेला बसलो. मी येणार हे मास्तरांना कोणी सांगितलं? ट्रान्सफॉर्मर जळाला शनिवारी. गुरुवार-शुक्रवारी सुलतानपूर माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

सुमनताई पाणी घेऊन आली आणि शेजारीच बसली. "तीन हप्ते तुमचं उत्तर नोतं दादा. रोज तिथं बसत, आन् गपचूप उठत. बेस्तरवारी तं उठता बी येत नोतं. मी मांगून उश्या लावून बसवलं. म्हनलं, बाबा, कायले जिवाचे हाल करता? तेवढ्यात तिकून वाजलं! मले त्यातलं काही समजत नाई, पन बाबाचं तोंड पाह्यलं न् समजलं. दोनदा हासले. पाऊन घंटा बोलले तुमी. मंग कितीक दिवसांनी भाकर खाल्ली त्याईनं… लय उपकार झाले दादा तुमचे."

सांगायचं होतं, "ताई, तो मी नव्हतो," एवढे चारच शब्द. तिचे हात जोडलेले होते. मी मान हलवली आणि "हो" म्हणालो.

तिने मास्तरांचं लॉगबुक आणून दिलं. प्रत्येक कॉलची नोंद ठेवावी लागते, त्याची ही वही. शेवटची पानं उघडली. तीन आठवडे, रोज एक ओळ. वेळ सहा-तीस, माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव, आणि पुढे मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात 'उत्तर नाही'. पुढच्या दिवशी 'उत्तर नाही'. सबंध पान तेच. खाली गुरुवार, ताईचा बेस्तरवार. अक्षर वेडंवाकडं झालेलं, पण त्यांचंच.

'६-३५ ते ७-२०. डावा हात. शेवटचा डॅश लंगडा, तसाच. आज घाई नाही, पहिल्या वर्षासारखा बोलला. रविवारी येतो म्हणाला.'

त्या पाऊण तासात मी नांदुऱ्यात टेलिप्रिंटरसमोर चहा पीत होतो. चहा देणारी बायको साक्षीला होती, छापलेला कागद होता. ट्रान्समीटर टेबलावर उघडा पडला होता, त्याला सप्लायच नव्हता. कोणी चेष्टा केली म्हणावी, तर चाळीस वर्षं हात ओळखणाऱ्या माणसाला पाऊण तास फसवणार कोण? आणि रविवार? तो तर मलाच ठाऊक नव्हता. आजकाल डिजिटल मोडमध्ये कॉम्प्युटर तुमच्या नावाने परस्पर उत्तरं देतो, तुम्ही जेवायला गेलात तरी चालतं. तेव्हा असलं काही नव्हतं.

निघताना सुमनताई म्हणाली, "बाबाच्या सामानातलं काही पायजे असन तं न्या दादा." टेबलाखाली तो ट्रान्सफॉर्मर होता. आणि मी तो घेतला. हेही लिहायलाच हवं. मेहकरपासून खामगावपर्यंत तो मांडीवर घेऊन बसलो होतो आणि कोणाशी नजर मिळवत नव्हतो.

तो टेलिप्रिंटरला मात्र लावला नाही. सोमवारी पहाटे ट्रान्समीटरला जोडला आणि साडेसहाला आमच्या जागेवर मास्तरांना कॉल दिला. त्यांचं नाव तीनदा, माझं एकदा. थांबलो. पुन्हा दिला. पाऊण तास बसलो आणि माझ्या लॉगबुकात लिहिलं — उत्तर नाही.

सुमनताई पुढे कितीतरी वर्षं दिवाळीला कार्ड पाठवायची, मग फोन करायची. दरवेळी एकच, "बाबाशी शेवटचे तुमीच बोलले दादा." दरवेळी मी हो म्हणायचो. मागच्या वर्षी ती गेली. आता खरं सांगायला कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. हा भित्रेपणाच आहे, मला कळतं.

गुरुवारी मास्तरांना उत्तर कोणी दिलं, मला माहीत नाही. मी दिलं नव्हतं, एवढंच खात्रीने सांगू शकतो.