हेल्मेट वाचलं

पंच्याहत्तरीतही माझे बाबा जोगेश्वरीहून अंधेरीच्या बाजारात मासे आणायला सायकलने जातात. जोगेश्वरीत मासे मिळत नाहीत असं नाही, पण इथल्या बांगड्यांचे डोळे त्यांना पटत नाहीत. मी त्यांना हेल्मेट आणून दिलं, तर त्यांनी त्यात कांदे भरून ठेवले. भोकं आहेत, हवा खेळते, म्हणाले.

हेल्मेटने खरंच काही फायदा होतो का, यावर आमच्याकडे पंधरा दिवस वाद चालला. ट्रक अंगावर आला तर टोपी काय करणार, हा बाबांचा मुद्दा. मला उत्तर सुचायचं नाही, म्हणून मी आवाज चढवायचो. शेवटी ठरवलं, प्रयोगच करू. डोक्याच्या, म्हणजे बाबांच्या भाषेत टकलीच्या, जागी नारळ. मालवणी माणसाला दुसरं काय पटणार?

रविवारी सकाळी दोन नारळ घेऊन मी गच्चीवर गेलो. खाली बायको येणाऱ्या-जाणाऱ्यांना लांब ठेवत होती. तिने जुनी चादर अंथरली होती, कारण फुटला तरी खोबरं वाया जायला नको. बाबा चादरीपलीकडे खुर्ची टाकून बसले. पहिला नारळ नुसताच टाकला. ठिकऱ्या! दुसरा हेल्मेटमध्ये बसवून सोडला. हवेतच दोघांची फारकत झाली. हेल्मेट जास्वंदीवर अलगद उतरलं आणि नारळाचं एक भकल गडगडत बाबांच्या पायाशी गेलं. नारळाला हनुवटी नसते, तेव्हा पट्टा कशाला लावायचा, हा विचारच मी केला नव्हता.

"हेल्मेट वाचला," बाबा म्हणाले. "टकली फुटली."

सगळी बिल्डिंग हसली. पुढे दोन दिवस आम्ही चटणी खाल्ली.

बुधवारी बाबा पिशवी घेऊन उघड्या डोक्याने निघाले आणि माझी सटकली. "घाला नाहीतर नका घालू! फायदा होतो की नाही, मला नाही माहीत. तुम्ही परत येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. खिडकीत उभा असतो मी. भीती वाटते मला, बाबा!"

पन्नाशीच्या माणसाला हे बोलायची लाज वाटते. मला वाटली.

बाबा दारातून मागे फिरले. हेल्मेट उचलून डोक्यावर चढवलं, तेही उलटं.

"मगे असा सांग मा," ते म्हणाले. "नारळ कित्याक फोडलंस?"

मी हेल्मेट सरळ केलं. पट्टा लावून होईपर्यंत ते हनुवटी वर करून उभे राहिले.