टेप गळ्यात, सुट्टी धर्मापुरीत

लग्नसराईत एके दिवशी मी एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. एवढी वर्षं शिवतेय, असं कधी झालं नव्हतं. पुढचं कापड होतं माझ्या भाचीच्या, पल्लवीच्या पैठणीचं. नवरीचा ब्लाउज, कापड तेवढंच. चुकलं की संपलं. मला कात्री हातात घ्यायचीच भीती वाटायला लागली. तेव्हा पल्लवीची आई, माझी नणंद सुलूवन्सं म्हणाल्या, "वहिनी, उद्या मशीन बंद. धर्मापुरीला जाऊ."

"अहो, लग्न तोंडावर आलंय!"

"म्हणूनच म्हणते."

अंबाजोगाईहून घाटनांदूरपर्यंत एसटी (बायकांना अर्धं तिकीट, विसरू नका), पुढे ऑटो. एसटीत शेजारची बाई सारखी माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलंच, "टेलर हाय का तुमी?"

गळ्याशी हात गेला तर टेप! घरून तशीच निघाले होते.

"मंग माझं माप घ्या की. घाटनांदूरला लई येळ हाय."

सगळी गाडी हसली. सुलूवन्संनी टेप काढून पर्समध्ये कोंबली.

धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या जुन्या देवळात जाताना डबा आणि पाणी सोबत न्या. बाहेरच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या बायका आहेत, एकीपेक्षा एक देखण्या. मला मात्र दिसलं काय, तर छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस. "हिला कटोरी ब्लाउज शोभेल," मी म्हणाले. सुलूवन्संनी हात ओढून सावलीत बसवलं. "गप जेवा."

भाकरी, ठेचा, कांदा. जेवून पदर तोंडावर घेतला, तो उन्हं कलल्यावरच काढला. सांगायला लाज वाटते, पण घोरलेसुद्धा म्हणे. उठून पुन्हा भिंतीपाशी गेले. आता त्या बायकांचे चेहरे दिसले, पायातले दागिने दिसले. माप काही सुचलं नाही. कितीतरी दिवसांनी इतकं हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पैठणीचं कापड पसरलं. बाहीवर आल्यावर मन भरकटलं, तशी कात्री ठेवली आणि चहा घेऊन ओट्यावर बसले. गिऱ्हाईक खोळंबलं, खोळंबू दे. मग उजवी बाही कापली, आणि डावीही.

पल्लवीने ब्लाउज घालून हात वर केले. "मामी, कुठंच काचत न्हाई!" मला रडूच आलं.

मग सुलूवन्संनी पिशवीतून आणखी एक कापड काढलं. त्यांच्या स्वतःच्या साडीचं.

"हे कधी आणलंत?"

"तुमी त्या बाह्या कापल्या, त्याच दिशी घिऊन आलते. लई दमलेल्या दिसलात, म्हणून काढलंच न्हाई. लग्नात जुनाच घालणार व्हते."