डबा घे म्हणाला होता

जेद्दातल्या आमच्या कोकणी लोकांत सफूराला न ओळखणारा माणूस नवा तरी असतो, नाहीतर तिच्याशी भांडून बसलेला. बाई दाभोळची. कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडला, कुणाच्या कफीलने, म्हणजे कामावर आणणाऱ्या मालकाने, फोन उचलणं बंद केलं, की मी कागद घेऊन पुढे आणि ही अबाया सावरत माझ्या मागे. मी चिडलो की काम बिघडतं, ती चिडली की होतं.

तिचा नवरा इसहाक एसी दुरुस्त करतो. त्याने एक जुनी हायेस व्हॅन घेतली आणि सुट्टीच्या दिवशी ठोकाठोक करून तिच्यात झोपायला फळ्या, गॅसची शेगडी आणि एक छोटा फ्रीज बसवला. आमचेच लोक हसले. "इसहाकभाई आता गोरे साहेब झाले, कॅम्पर व्हॅनमधून फिरणार!" हसोत. एसी दुरुस्त करणाऱ्याने घरदार घेऊन हिंडायचं नाही, असा कायदा कुठे आहे, ते मला दाखवा.

फ्रीज मात्र चैनीचा नव्हता. त्यांच्या मुलीला, लाइबाला, लहानपणापासून शुगर आहे. गोळ्यांवर भागणारी नव्हे; इन्सुलिन टोचलं नाही तर पोर एका रात्रीत हॉस्पिटलात जाईल, अशी. इन्सुलिनची पेनं एका निळ्या प्लास्टिकच्या डब्यात असतात. घरात त्याला नुसतं ‘डबा’ म्हणतात.

यंदा शाळेला सुट्टी लागल्यावर तिघं इजिप्तला निघाली. गाडीने दुबा बंदर, तिथून रात्रीची बोट, सकाळी पलीकडे सफागा.

बोटीच्या पोटात गाड्या चढवताना जो गोंधळ असतो तो ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल. पुढे ट्रक, मागे ट्रक, धूर, चाकांना साखळ्या अडकवणारे खलाशी, आणि सारखं "यल्ला, यल्ला!", चला, चला. एकदा माणसं वर गेली की गाड्यांच्या मजल्याला कुलूप. इसहाक सिलिंडरचा कॉक बंद करायला वाकलेला. तिथूनच ओरडला, "सफूरा, डबा घे!"

"घेतला!"

तिने घेतला होता. सुरमईच्या तळलेल्या तुकड्यांचा आणि पुलावाचा, उंच, चार पुडाचा, स्टीलचा डबा. प्रवासाला निघालेल्या कोकणी बाईला ‘डबा घे’ म्हटलं तर ती दुसरं काय घेईल?

हे कळलं तेव्हा बोट खोल पाण्यात होती आणि हलायला लागली होती. लाइबाने जेवणाआधी बोट टोचून मीटर पाहिला. तीनशेच्या पुढे.

"अम्मी, give me the डबा."

सफूराने पुलाव पुढे केला. लाइबाने तो बाजूला सारला.

"हा नाही, अम्मी."

नवराबायको गाड्यांच्या मजल्याच्या दारापर्यंत पळत गेली. दारात मिसरी, म्हणजे इजिप्तचा, अधिकारी. इसहाकने छातीवर हात ठेवून, अदबीने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ममनू." मनाई. सफूराने त्याला अरबीत, हिंदीत आणि दाभोळच्या मराठीत झापला. बिचाऱ्याने कॅप्टनला फोन लावला. उत्तर तेच: समुद्र खवळलेला, खाली ट्रक साखळ्या ताणताहेत, माणूस मध्ये गेला तर चिरडेल. दार सफागालाच उघडणार. बोटीवर दवाखान्याची खोली होती, तिथे पट्ट्या होत्या, उलटीच्या गोळ्या होत्या, इन्सुलिन नव्हतं.

नियम बरोबर होता. नियम बरोबर आहे असं लिहायला मला आवडत नाही, पण इथे होता.

"मी ‘डबा’ म्हणालो होतो," इसहाक म्हणाला.

"मग मी काय पिंप आणलं? बाजूला हो."

तोवर लाइबाला उलटी झाली. पाणी मागत होती, सारखं पाणी. ही बोट लागली की शुगर चढली, कोण सांगणार? सफूराने तिला बायकांच्या हॉलमध्ये नेऊन गादीवर झोपवलं. हॉल मक्केला उमरा करून परतणाऱ्या मिसरी बायकांनी भरलेला. तिच्या मनात हिशेब सरळ होता: एवढ्या बायका, त्यात एक तरी शुगरवाली असणारच. ती मधोमध उभी राहिली आणि ओरडली, "बिंती! सुक्कर! सुक्कर कतीर!"

आपल्याकडे ‘तिला फार शुगर आहे’ म्हणतात ना, तेच. पण ऐकणाऱ्यांना ऐकू आलं: माझी मुलगी, साखर, पुष्कळ साखर!

बायका धावल्या. कुणी चहाच्या साखरेच्या पुड्या, कुणी आंब्याचा रस, कुणी खजूर. एकीने मायेने लाइबाचं डोकं मांडीवर घेतलं आणि खजूर तिच्या ओठांशी नेला. सफूराने तो हात फटकन उडवला. खजूर लांब जाऊन पडला.

खजूर झिडकारणारी बाई कुणाला आवडेल? एक बाई तर उठून आता हिला चार शब्द सुनावणार, अशा बेतात पुढे आली. सफूराने भांडणाचा विचारही केला नाही. तिने सगळ्यांसमोर स्वतःच्या पोटावर चिमूट धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टोचून दाखवलं. पुन्हा. पुन्हा.

"इन्सुलिन!" पुढे आलेलीच ओरडली.

मग मात्र हॉल कामाला लागला. पहिलं पेन एका आजीच्या पर्समधून आलं. लाइबाने डोळे किलकिले करून लेबल वाचलं. "This is mixed, अम्मी. माझं नाही." शिवाय आजीने ते वापरलेलं. सफूराने ते आजीच्या पर्समध्ये परत ठेवलं. समोर औषध असून नाही म्हणायचं! बायका दारादारांत उभ्या राहून पलीकडच्या हॉलला हाका मारत होत्या. शेवटी एक तरुण बाई बर्फाची पिशवी घेऊन आली. पेन सीलबंद, सुई नवी. लाइबाने लेबल वाचलं, उलटून तारीख वाचली.

"Same."

तिने स्वतःच टोचून घेतलं. नंतर सफूरा मिनिटाला पाणी पाजत, मधूनमधून बोट टोचत बसली. आकडा आधी होता तिथेच राहिला. मग थोडा हलला. उजाडता उजाडता खाली आला, आणि लाइबा कूस वळवून, "अब्बाला ओरडू नको," म्हणून झोपली.

इसहाक रात्रभर त्या हॉलच्या दाराबाहेर उभा होता. आत पुरुषांना मज्जाव, आणि आतून त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दार उघडून सफूरा बाहेर आली.

"उतरली."

तो तिथेच चपलांच्या ढिगात बसला. मग तिने त्याला जी शिवी दिली ती मी इथे लिहिणार नाही. ती ऐकून, तो सांगतो, त्या रात्रीत पहिल्यांदा त्याला धड श्वास आला.