दाबून लिहिलेली ओळ

काकांच्या उजव्या अंगठ्याचं नख लांब होतं. बाकी नऊ नखं दर रविवारी नीट कापलेली, आणि हे एकच पुढे आलेलं. बसच्या सीटवरून, कॅन्टीनच्या टेबलाच्या कडेवरून, मंडळाच्या जेवणात लोकांच्या डब्यांच्या झाकणांवरून ते फिरत असायचं. "वहिनी, हा डबा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. वितळणार नाही, पण भाजीला वास लागेल." वहिनी हमखास घालायच्या आणि पुढच्या महिन्यात नवा डबा घेऊन यायच्या. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आम्हा मराठी मंडळींचे ते नखकाका. त्यांना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

माणूस मोठा होता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला तसं वाटणार नाही.

आमची लॅब ट्रेडिंग इस्टेटवर, कारखान्यांच्या वसाहतीत होती. समोरच्या गोदामात दिवसभर ट्रक मागे घेतल्याचा पीं पीं आवाज चालायचा. लोक प्लास्टिकच्या वस्तू पाठवायचे, किटलीच्या मुठी, हेल्मेटं, बाळांच्या खुर्च्या. त्या किती टिकतील, कुठे मोडतील, ते आम्ही सांगायचं. काका तिथे सगळ्यांत जुने. भोसरीच्या साच्यांच्या कारखान्यातून तरुणपणी इकडे आलेले. मी नागपूरहून वर्क व्हिसावर आले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर प्रॅमचं एक तुटकं चाक ठेवलं आणि कंपनीने सोबत पाठवलेला माहितीचा कागद ड्रॉवरमध्ये पालथा घातला. म्हणाले, "आधी हातात घे. मग वहीत एक ओळ लिही. मग मशीन. कागद सगळ्यांत शेवटी."

मी इंग्रजीत लिहायला लागले तर त्यांनी वहीवर हात ठेवला. "हाताला कुठे इंग्रजी येतं? हाताला जे कळलं ते मराठीत लिही. रिपोर्ट मागाहून इंग्लिशमध्ये करू." मी लिहिलं, 'आसाजवळ कच्चं राहिलंय.' त्यांनी वाचलं आणि पान उलटून मागच्या बाजूने नख फिरवलं. "दाबून लिही गं. हलक्या हाताने लिहिणारा माणूस पळवाट ठेवतो."

लॅबमध्ये खोडरबर नव्हता. कोणी मागे रबर असलेली पेन्सिल आणली, तर काका बोलता बोलता ते नख खुपसून रबराचं टोक उपटायचे आणि बिनमध्ये टाकायचे. ओळ चुकली तर चुकली. तिच्याखाली दुसरी लिहायची, पहिली तशीच राहू द्यायची. "उद्या कोणी विचारलं की आधी काय वाटलं होतं, तर दाखवता आलं पाहिजे." ह्या एका नियमावर मी चार वर्षं काम शिकले, आणि आज जे काही मला येतं ते तिथलं आहे.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या भाड्याच्या खोलीतला बॉयलर बंद पडला आणि घरमालक फोन उचलेना. काकांनी मला घरी नेलं. नऊ दिवस त्यांच्या वरच्या खोलीत राहिले. काकू रोज गरम वरणभात वाढायच्या आणि काका रेडिएटरच्या प्लास्टिकच्या बटणावर नख घासत त्या कंपनीला नावं ठेवायचे. पुढे माझ्या व्हिसाची स्पॉन्सरशिप वाढवायची वेळ आली आणि आमचा डायरेक्टर ग्रॅहम टाळाटाळ करू लागला, तेव्हा काका त्याच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले होते, "ती गेली तर मीही चाललो." हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. रिसेप्शनवरच्या बाईने सांगितलं. मी त्या दिवशी वडिलांना फोन करून रडले होते.

मग ते किट आलं. एका नव्या आयातदाराने पाठवलेलं, चकचकीत खोक्यात. आत पिस्तुलाचा प्लास्टिकचा सांगाडा, मुठीसकट. खोक्यावर लिहिलं होतं की हौशी लोकांसाठी आहे, घरी जोडून शोभेला ठेवायचं मॉडेल. आम्ही तपासून लेखी द्यायचं होतं की हे नुसतं शोभेचंच आहे, ह्यातून खरं काही उभं राहणार नाही. तेवढा कागद मिळाला की तो माल इथे विकायला मोकळा. मागे आणखी बरीच किटं येणार होती आणि ग्रॅहम आठवडाभर खुशीत होता.

मी कागद पालथा घातला आणि तो सांगाडा हातात घेतला. खेळण्याचं प्लास्टिक हाताला पोकळ लागतं. हे तसं नव्हतं. शोभेच्या वस्तूत इतकी मजबुती कोणी उगाच ओतत नाही. मी दाबून लिहिलं, 'हे खेळणं नाही. खऱ्याचा भार पेलेल.' मशीनवर आकडे आले, तेही तेच सांगत होते. काकांनी सांगाडा घेतला, मुठीवरून दोनदा नख फिरवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं." ही तीन शब्दांची पावती मी विसरलेले नाही.

त्याच आठवड्यात मी भावाच्या लग्नाला नागपूरला गेले. परत आले तर रिपोर्ट गेलेला होता. शोभेची वस्तू, हरकत नाही. तपासणारी म्हणून माझं नाव, खाली काकांची सही.

"काका, हे काय आहे?"

"अगं, हौशी लोक असतात. कपाटात मांडून ठेवतात, अजून काय करणारेत? ग्रॅहमला तो क्लायंट हवाय. आणि माझं रिटायरमेंटला एकच वर्ष राहिलंय."

"पण माझी ओळ?"

"बघू नंतर. जेवलीस का?"

मी वही उघडून पाहिली नाही. ह्याला विश्वास म्हणायचं की घाबरटपणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

चार महिन्यांनी पोलिसांकडून एक बाई आणि तिच्यासोबत एक तरुण अधिकारी आले. तीच किटं एका घरात सापडली होती आणि ती कपाटात मांडलेली नव्हती. आमचा रिपोर्ट तिच्या हातात होता. मीटिंग रूममध्ये ग्रॅहम, काका आणि मी. तिने विचारलं, "हे प्रत्यक्ष कोणी तपासलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "द हँडलिंग वॉज हर्स," ते म्हणाले. "मी तिच्या नोंदीवर विसंबून सही केली."

ग्रॅहम लगेच म्हणाला की मग माझ्या स्पॉन्सरशिपचाही फेरविचार करावा लागेल. स्पॉन्सरशिप गेली की साठ दिवसांत देश सोडायचा, आणि ह्या प्रकरणात नाव अडकल्यावर मला पुन्हा कुठे, कोण उभं करणार होतं? मी उठले आणि वही आणली. ते पान काढलं. माझ्या ओळीच्या जागी इंग्रजीत लिहिलं होतं, 'डिस्प्ले ग्रेड ओन्ली.' अक्षर माझ्यासारखं काढलेलं, पण फिकं, हलक्या हाताचं. आजूबाजूचा कागद खरवडून भुसभुशीत झालेला.

खोडरबर त्यांनी कुठून आणला असेल, हा विचार मला सगळ्यांत आधी आला.

मी पान उलटलं आणि मागून अंगठा फिरवला. ओळ तिथेच होती, उलटी, पण अक्षर न् अक्षर उठलेलं. मी त्या बाईला फोनचा टॉर्च तिरका धरायला सांगितला. तिने धरला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "समथिंग वॉज हिअर. ही कुठली भाषा?"

"मराठी," मी म्हटलं.

"तुम्ही सांगून उपयोग नाही, लिहिणाऱ्या तुम्हीच आहात." तिने वही काकांकडे सरकवली. "सर, तुम्हाला वाचता येईल?"

काकांनी वही ओढली. खिशातला चष्मा काढला नाही. अंगठ्याचं नख ओळीच्या सुरुवातीला टेकवलं आणि सावकाश पुढे नेलं. 'नाही'पाशी ते थांबलं. मला ते स्पष्ट दिसलं. मग ते पुढे गेलं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि काकांनी हात मांडीवर घेतला.

"सॉरी," ते म्हणाले. "काही कळत नाही. फार पुसट आहे."

त्या क्षणी मला राग आला नाही. राग नंतर आला आणि तो अजून गेलेला नाही. खोडलं ते एका वर्षाच्या भीतीपोटी, हे मी कधीतरी माफ केलं असतं. पण वाचून, पूर्ण वाचून, त्यांनी मला तिथे एकटीला सोडलं.

वही पोलिसांकडे गेली. त्यांच्या दुभाष्याने दोन दिवसांत ओळ वाचून दिली. माझी नोकरी राहिली. काकांची त्याच आठवड्यात गेली. निरोपाचा केक नाही, कार्ड नाही. मंडळात मात्र निकाल माझ्याविरुद्ध लागला. "बापासारखा माणूस, नऊ दिवस घरात ठेवून घेतलं तुला," असं एक वहिनी मला तोंडावर म्हणाल्या. काकूंनी फोन उचलणं बंद केलं. मी मंडळात जाणं सोडलं.

पुढच्या वर्षी ते हाय स्ट्रीटवर बसस्टॉपला दिसले, हातात भाजीची पिशवी. मी समोर गेल्यावर टाळता आलं नाही.

"बरी आहेस ना?"

"हो काका. तुम्ही?"

"आता मुलीकडे एजवेअरला चाललोय, कायमचेच."

बस आली. त्यांनी चढताना दांडा धरला तेव्हा पाहिलं, अंगठ्याचं नख बाकीच्यांसारखंच कापलेलं होतं. नंतर आमची गाठ पडली नाही, आणि दोन वर्षांनी ते गेल्याचं मला मंडळाच्या ग्रुपवरच्या मेसेजमधून कळलं. मी एजवेअरला गेले नाही.

मागच्या सोमवारी लॅबमध्ये पुण्याची एक मुलगी लागली. मी तिच्यासमोर किटलीची तुटकी मूठ ठेवली, कागद पालथा घातला आणि तिला मराठीत एक ओळ लिहायला सांगितली. तिने लिहिली. मी पान उलटून मागून अंगठा फिरवला आणि म्हटलं, "दाबून लिही."

"का मॅम?" तिने विचारलं. "तुम्हाला कोणी शिकवलं असं?"

मी तिला म्हटलं, अशीच पद्धत आहे इथली.