कवड्यांची माळ कमरेला

मैत्रिणींनो, आज सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले.

पूजेला बसले, तर देव्हाऱ्यातली कवड्यांची माळ गायब! सासूबाई ती गळ्यात घालून मंगळवारी पाच घरं देवीचा जोगवा मागायच्या. बाहेर येऊन बघते, तर लेक गॅदरिंगच्या नाचाची तयारी करत टीव्हीपुढं नाचतीय आणि माळ तिच्या कमरेला, पट्ट्यासारखी.

टीव्हीवर ते सध्या सगळीकडं वाजणारं पॉप गाणं चालू होतं. मग मीही ते नीट बघितलं. गाणारीच्या कपाळभर मळवट, मागं पेटलेले पोत, कमरेला माळ. कॅमेरा मळवटावर क्षणभर थांबतो आणि मग सारखा कमरेवर. कवड्या तिथं कशाला बांधल्यात, हे कळायला मॅट्रिकच्या पुढं शिकावं लागत नाही. मळवट आमच्यासारख्यांसाठी, कंबर बाकीच्यांसाठी. गिऱ्हाईक दोन्हीकडचं.

लेकीला म्हटलं, "अगं, गळ्यात घालायची असती ती."

"गळ्यात घातल्यावर कोण बघणार हाय, आई?"

आमचे हे पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "घालू दे की. एका दिवसाचं तर हाय."

मी माळ काढून घेतली आणि धुऊन देवापुढं ठेवली. लेक जेवली नाही. दुपारी जाऊन मंगळवार पेठेतनं प्लॅस्टिकच्या कवड्यांची माळ घेऊन आली. दुकानदाराला नुसतं गाण्याचं नाव सांगितलं म्हणे, लगेच काढून दिली. देवीचं नाव घ्यावंच लागलं नाही.

तुमच्या घरातल्या पोरी ही माळ कुणाची म्हणून ओळखतात? एकदा विचारून बघा.